घरात टीव्ही चार, केबल एकच

गणपतीला मुंबईची मंडळी यायची असली की कोकणातल्या घरांत रंगरंगोटीबरोबर आणखी एक काम निघतं: माडीवर दुसरा टीव्ही लावायचा. हर्णै, गुहागर, तारकर्लीकडे ज्यांनी घरालगत पर्यटकांसाठी खोल्या काढल्या आहेत, त्यांच्याकडे तर खोलीमागे एक टीव्ही ठरलेलाच. मग बाजारातून एका केबलचे अनेक फाटे करणारा स्प्लिटर येतो, पांढऱ्या केबलचं वेटोळं येतं, असलेली तार सोयीच्या जागी कापली जाते आणि पडद्यावर चित्र आलं की काम झालं असं सगळे धरून चालतात. पुढच्या पावसाळ्यात एका टीव्हीवर चित्राचे चौकोन पडायला लागतात, दुसऱ्यावर ठरावीक चॅनेल येईनासे होतात, आणि बोलणी केबलवाल्याला बसतात.

माझ्या पाहण्यात यातले बहुतेक बिघाड घराच्या हद्दीतलेच असतात आणि त्यांची कारणं दोनच: सिग्नलचा हिशेब आधी कागदावर मांडलेला नसतो, आणि जोड उघड्यावर टाकलेले असतात. हिशेब साध्या बेरीज-वजाबाकीचा आहे. जोडांचं काम हाताचं आहे आणि कोकणात ते इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त काळजीने करावं लागतं. लेख मोठा झाला आहे, कारण पैसे वाया जातात ते याच दोन ठिकाणी.

तारेच्या पोटात

केबल नीट सोलून पाहिली तर मधोमध एक तार दिसते. तिच्याभोवती फेसासारखं हलकं पांढरं पॉलिथिन, त्यावर ॲल्युमिनियमचं फॉइल, फॉइलवर बारीक तारांची जाळी आणि सगळ्यांत बाहेर काळं किंवा पांढरं आवरण. १८८० मध्ये ऑलिव्हर हेविसाइडने इंग्लंडमध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि आज आपल्या माडीवर चढणारी केबल मुळात तीच आहे. सिग्नल नुसत्या मधल्या तारेतून जात नाही. मधली तार आणि जाळी यांच्यामधल्या पांढऱ्या पॉलिथिनमधून तो लहरीच्या रूपात पुढे सरकतो. म्हणून जाळी ही केबलची निम्मी वाट आहे. ती गंजली किंवा केबलच्या टोकाच्या पिनेत नीट बसली नाही तर वाटही अर्धवट होते आणि बाहेरचा गोंधळ आत शिरायला दार मोकळं मिळतं. मोबाईलचे टॉवर ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, आणि केबलच्या वरच्या फ्रिक्वेन्सी त्याच पट्ट्यात येतात. ढिल्या पिनेतून टॉवरचा सिग्नल आत आला की नेमके तेवढेच चॅनेल अडखळतात, बाकीचे स्वच्छ दिसतात.

टीव्हीच्या केबलवर ७५ ओहम लिहिलेलं असतं. मल्टिमीटर लावून हा आकडा मिळत नाही. मधल्या तारेची जाडी, जाळीचा व्यास आणि दोघांमधलं पॉलिथिन यांच्या प्रमाणातून तो ठरतो, आणि केबल दहा मीटर असो वा शंभर, तो तोच राहतो. हे प्रमाण जिथे बिघडतं तिथून सिग्नलचा काही भाग मागे फिरतो. खिळ्याने दाबलेली, दाराच्या फटीत चेपलेली, वाशाच्या कोपऱ्यावर काटकोनात मोडलेली केबल बाहेरून अखंड दिसते, पण आत प्रमाण मोडलेलं असतं. तारेला तार पिळून वर टेप गुंडाळलेला जोड तर या बाबतीत सर्वांत वाईट. विजेच्या वायरला जी पद्धत चालून जाते ती इथे चालत नाही. आरजी-६ केबल साधारण सात मिलिमीटर जाड असते. तिला वळवताना वळणाची त्रिज्या सात सेंटिमीटरच्या आत आणू नये.

दुकानात आरजी-५९, आरजी-६ आणि आरजी-११ अशी तीन नावं ऐकू येतात. आरजी-५९ बारीक आणि स्वस्त असते, पण टीव्हीच्या कामाला आता ती घेऊ नये. आरजी-६ घरातल्या सगळ्या कामाला पुरते. आरजी-११ बोटाएवढी जाड असते, वळायला अवघड, पण तिच्यात सिग्नलची झीज आरजी-६ च्या दोन तृतीयांशाच्या आसपास. रस्त्यावरच्या खांबापासून आगराच्या आत असलेल्या घरापर्यंत शंभर-सव्वाशे मीटर जायचं असेल तर तीच हवी.

आणखी एक फरक दुकानदार सहसा आपणहून सांगत नाही. बऱ्याच आरजी-६ मध्ये मधली तार पोलादाची असते आणि तिच्यावर तांब्याचा पातळ थर असतो. यात फसवणूक नाही. उच्च फ्रिक्वेन्सीचा प्रवाह तारेच्या कातडीतूनच वाहतो, त्यामुळे नुसत्या सिग्नलसाठी तांब्याचा थर पुरतो. पण छत्रीच्या, म्हणजे डिश अँटेनाच्या, तोंडाशी सिग्नल पकडणारी जी एलएनबी नावाची डबी असते तिला वीजही याच तारेतून जाते आणि ती तारेच्या पूर्ण जाडीतून वाहते. पोलादी तारेचा विरोध शुद्ध तांब्याच्या साधारण चौपट. छत्री लांब असेल तर शुद्ध तांब्याची केबल मागावी. चुंबक लावून पाहिलं की कळतं: पोलाद चिकटतं.

डेसिबलची वजाबाकी

सिग्नल कमी-जास्त झाल्याचं माप डेसिबल. तीन डेसिबल कमी म्हणजे शक्ती निम्मी, दहा कमी म्हणजे दहावा हिस्सा, वीस कमी म्हणजे शंभरावा. हे माप वापरण्याचं कारण सोयीचं आहे: केबलने किती खाल्लं, स्प्लिटरने किती खाल्लं याचा गुणाकार-भागाकार करावा लागत नाही, सरळ बेरीज करून वजा करता येतं.

केबल खाते ते लांबी आणि फ्रिक्वेन्सी या दोन्हींवर अवलंबून असतं. चांगल्या आरजी-६ मध्ये शंभर मीटरला ५५ मेगाहर्ट्झवर सुमारे ५ डेसिबल जातात, ७५० मेगाहर्ट्झवर १८ ते १९, आणि छत्रीच्या केबलमधल्या सर्वांत वरच्या म्हणजे २१५० मेगाहर्ट्झवर ३२ च्या आसपास. म्हणून हिशेब नेहमी वरच्या फ्रिक्वेन्सीने करायचा. तिथे निभावलं तर खाली निभावतंच.

स्प्लिटरचं वागणं आगरातल्या पाटासारखं आहे. एका पाटाला दोन फाटे काढले की प्रत्येक माडापाशी पाणी निम्मं पोचतं, आणि फाट्याच्या तोंडाशी थोडं मुरतं ते वेगळं. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये वाटणीचे ३ डेसिबल जातात, वर त्याच्या पोटातला अर्धा, म्हणजे प्रत्येक तोंडावर साडेतीन कमी. चार तोंडांचा ७ ते साडेसात खातो, आठ तोंडांचा ११ च्या आसपास. तीन तोंडांच्या स्प्लिटरवर अंगावर छापलेलं वाचायला हवं, कारण बऱ्याच जातींत एका तोंडावर साडेतीन आणि उरलेल्या दोघांवर सात-सात असे आकडे असतात. सर्वांत लांबचा टीव्ही साडेतीनवाल्या तोंडावर लावायचा. हे आकडे वाचले जात नाहीत आणि लांबच्या खोलीला नेमकं सातवालं तोंड मिळतं, असं मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

आता एक घर धरू. पुढे ओटी, मध्ये माजघर, वर माडी, मागे पर्यटकांच्या खोल्या. केबलवाल्याने घराच्या तोंडाशी वरच्या फ्रिक्वेन्सीवर ६५ डेसिबल मायक्रोव्होल्ट (सिग्नलची पातळी मोजायचं माप) दिले आहेत. केबलवाल्याच्या मीटरवर हाच आकडा दिसतो आणि मागितला तर तो दाखवतो. तिथून माडीच्या जिन्याखाली वीस मीटर केबल: सुमारे ४ गेले. जिन्याखाली चार तोंडांचा स्प्लिटर: साडेसात. तिथून सर्वांत लांबच्या खोलीत वीस मीटर: आणखी ४. एकूण साडेपंधरा. ६५ मधून साडेपंधरा गेले, उरले साडेएकोणपन्नास. डिजिटल केबलच्या बॉक्सला साधारण ५० ते ६५ च्या पट्ट्यात ठेवणं चांगलं. काठावर आहे, पण चालेल. केबलवाल्याने दोन-तीन डेसिबल वाढवून दिले तर निश्चिंत.

तेच घर सोयीप्रमाणे जोडलं की काय होतं ते पाहा. ओटीवरच्या टीव्हीमागे दोन तोंडांचा स्प्लिटर, त्यातून माजघरात, तिथे पुन्हा दोन तोंडांचा, त्यातून माडीवर, तिथून मागच्या खोलीत तिसरा. शेवटच्या टीव्हीपर्यंत तीन स्प्लिटरचे साडेदहा गेले, केबलची लांबी वाढली म्हणून आणखी दोन-तीन गेले, आणि सहा जादा पिना आल्या. ओटीवर ६० आणि मागच्या खोलीत जेमतेम ४५. बॉक्स चालू होतो, दुपारी चित्र दिसतं, आणि रात्री दमट हवेत एखादी पिन जरा बिघडली की गेलं. म्हणून केबल एका मध्यवर्ती जागी आणायची, तिथेच एक स्प्लिटर ठेवायचा आणि तिथून प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र केबल न्यायची. केबल जास्त लागते, पण बिघाड शोधणं सोपं होतं आणि एका खोलीतली गडबड दुसरीत जात नाही.

पूर्वी सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि माणूस सावध व्हायचा. केबल डिजिटल करण्याच्या चौथ्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली, त्यात ग्रामीण भागही आला, आणि तेव्हापासून ही आगाऊ सूचना मिळत नाही. डिजिटल सिग्नल ठरावीक पातळीपर्यंत अगदी स्वच्छ चित्र देतो आणि तिच्या किंचित खाली गेला की चौकोन पडून थेट बंद. एकाच फ्रिक्वेन्सीवर दहा-पंधरा चॅनेल एकत्र असतात, त्यामुळे जातात तेही गठ्ठ्याने. त्याच बदलामुळे प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र बॉक्सही लागतो. नुसती केबल टीव्हीच्या मागे खोचून चॅनेल दिसण्याचे दिवस गेले. सगळ्या खोल्यांत एकच कार्यक्रम दिसला तरी चालत असेल तर एका बॉक्समागे मॉड्युलेटर लावून त्याचं चित्र सगळीकडे पाठवता येतं, पण पाहुण्यांच्या खोल्यांसाठी कोणती जोडणी घ्यायची हे आधी केबलवाल्याशी किंवा कंपनीशी बोलून घ्यावं, कारण धंद्याच्या जागेचे नियम घरापेक्षा वेगळे असतात.

रिकामी तोंडं

चार तोंडांचा स्प्लिटर आणि टीव्ही तीन, तर चौथं तोंड उघडं ठेवू नये. तिथे पोचलेला सिग्नल वाट न सापडल्यामुळे मागे फिरतो आणि बाकीच्या तिघांत मिसळतो. ७५ ओहमचा टर्मिनेटर नावाचं टोपण मिळतं, अगदी थोड्या पैशांत. ते फिरवून बसवलं की सिग्नल तिथेच जिरतो. खोलीत टीव्ही अजून यायचा आहे पण केबल ओढून ठेवली आहे, अशा केबलच्या टोकालाही तेच टोपण लावावं. तोंडं गरजेपुरतीच घ्यावीत. पुढे लागतील म्हणून आठ तोंडांचा स्प्लिटर आणला की आजच्या तीन टीव्हींचे चार डेसिबल फुकट जातात.

छत्रीचं गणित वेगळं

आतापर्यंतचा सगळा हिशेब केबलवाल्याच्या केबलचा. छत्रीला तो जसाच्या तसा लावता येत नाही, आणि घोटाळा सर्वांत जास्त इथेच होतो. एका छत्रीच्या केबलला साधा स्प्लिटर लावून दोन बॉक्स जोडले की एक चालतो, दुसरा चालतो, पण दोन्ही एकत्र धड चालत नाहीत. याचं कारण छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीत आहे.

उपग्रहावरून येणारा सिग्नल १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झचा असतो. इतक्या उच्च फ्रिक्वेन्सीचा सिग्नल केबलमधून पाच-दहा मीटरही नीट जाणार नाही. म्हणून एलएनबी त्यातून ९.७५ किंवा १०.६ गिगाहर्ट्झ वजा करते आणि ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा सिग्नल खाली पाठवते. आता वर सिग्नल चार भागांत असतो: उभ्या आणि आडव्या ध्रुवणाचा (म्हणजे लहर उभी हलते की आडवी), आणि त्या प्रत्येकात खालचा पट्टा, वरचा पट्टा. केबलमध्ये मावतो एका वेळी एकच भाग. कोणता हवा ते बॉक्स सांगतो, आणि सांगण्याची भाषा वीज आहे. बॉक्सने केबलमधून १३ व्होल्ट वर पाठवले तर उभं ध्रुवण, १८ पाठवले तर आडवं. त्या विजेवर २२ किलोहर्ट्झचा बारीक सूर चढवला तर वरचा पट्टा, नाहीतर खालचा. तुम्ही रिमोटवर चॅनेल बदलता तेव्हा एका क्षणात ही मागणी छपरावर जाऊन पोचलेली असते.

साध्या स्प्लिटरने दोन बॉक्स जोडले की दोन मागण्या एकाच एलएनबीकडे जातात. माडीवरच्या बॉक्सला १८ व्होल्टवाला चॅनेल हवा आणि ओटीवरच्याला १३ व्होल्टवाला, तर एलएनबीला १८ च मिळतात आणि ओटीवरचा टीव्ही काळा पडतो. ओटीवर बसलेल्याने चॅनेल बदलला की क्वचित पुन्हा दिसायला लागतो, आणि घरात कोणालाच कळत नाही की हे एकमेकांमुळे होतंय. त्यातून केबल टीव्हीचा स्प्लिटर असेल तर तो १००० मेगाहर्ट्झपर्यंतच बनवलेला असतो आणि बऱ्याचदा वीजही अडवतो, मग एलएनबी चालूच होत नाही. छत्रीसाठीच्या स्प्लिटरवर ५ ते २४०० मेगाहर्ट्झ असं लिहिलेलं असतं आणि वीज जाऊ देणाऱ्या तोंडावर वेगळी खूण असते. एखाद्या सेवेचे सगळे चॅनेल एकाच ध्रुवणात आणि एकाच पट्ट्यात असतील तर असा स्प्लिटर चालून जातो. एरवी नाही.

खरा उपाय एलएनबी बदलण्याचा. ट्विन एलएनबीला दोन तोंडं असतात आणि दोन्ही स्वतंत्रपणे मागणी ऐकतात. दोन बॉक्स, दोन केबल, छत्री एक. क्वाड एलएनबीला अशी चार तोंडं. मागच्या अंगणात सहा-आठ खोल्या असतील तर क्वाट्रो एलएनबी आणि मल्टिस्विच घ्यावा. क्वाट्रो चारही भाग चार केबलींतून कायम खाली पाठवत राहते, आणि खाली बसलेला मल्टिस्विच ज्या बॉक्सला जो भाग हवा तो देतो. क्वाड आणि क्वाट्रो ही नावं कानाला सारखी वाटली तरी काम वेगळं. क्वाड मल्टिस्विचला जोडली तर मांडणी फसते. मांडणी कोणतीही असो, छपरापासून टीव्हीपर्यंत अखंड केबल न्यावी, मध्ये जोड नको.

छत्री बसवण्याच्या जागेबद्दल कोकणापुरतं एक सांगायला हवं. रत्नागिरीच्या आसपासून पाहिलं तर डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे आपल्या आग्नेयेला आणि क्षितिजापासून साठेक अंश वर आहे. टाटा प्लेचा ८३ अंशावरचा त्याहून थोडा दक्षिणेकडे आणि अधिक वर. म्हणजे छत्रीचं तोंड समुद्राकडे नसून सह्याद्रीच्या बाजूला असतं, पण इतक्या उंच कोनात डोंगर आड येत नाही. आड येतात ते माड आणि आंबे. मे महिन्यात मोकळी वाटलेली जागा पावसात पालवलेल्या फांद्यांनी आणि ओल्या झावळ्यांनी भरते, आणि ओलं पान या लहरी फार शोषतं. जागा ठरवताना आग्नेयेच्या झाडांचा दोन वर्षांनंतरचा विस्तार डोळ्यांपुढे आणावा.

पिन आणि खारी हवा

आपल्याकडे ज्याला नुसतं पिन म्हणतात तो एफ कनेक्टर. सगळ्या मांडणीत सर्वांत स्वस्त वस्तू, आणि सर्वांत जास्त बिघाड तिच्यातच. नीट बसवलेली पिन कशी दिसते ते लक्षात ठेवावं. बाहेरचं आवरण साधारण बारा मिलिमीटर सोलायचं, जाळी मागे आवरणावर उलटी पसरायची, फॉइल मात्र पॉलिथिनवर चिकटलेलं राहू द्यायचं. पुढचं सहा-सात मिलिमीटर पॉलिथिन फॉइलसकट काढून मधली तार उघडी करायची. तिला सुरीची चीर लागता कामा नये. मग पिन सरळ दाबत न्यायची, पांढरं पॉलिथिन आतल्या कडेच्या बरोबरीने येईपर्यंत. ते दोन मिलिमीटर मागे राहिलं तर तिथे पोकळी राहते आणि प्रमाण बिघडतं. मधली तार पिनेच्या ओठाबाहेर दोन-तीन मिलिमीटर हवी: कमी असेल तर समोरच्या पकडीत पोचत नाही, जास्त असेल तर पकड वाकवते. शेवटी पिनेच्या तोंडातून आत डोळा लावून पाहायचं. जाळीचा केसाएवढा एक तंतू मधल्या तारेला टेकलेला असला तर टीव्ही बंद, आणि छत्रीच्या केबलमध्ये असेल तर बॉक्सची वीजही शॉर्ट.

हाताने फिरवून बसवायची पिन घराबाहेर वापरू नये. तिची जाळीवरची पकड काही महिन्यांत सैल होते. कॉम्प्रेशनची पिन येते, तिला वेगळं पकडीसारखं हत्यार लागतं, पण ती केबलला चारही बाजूंनी घट्ट धरते आणि पाणी आत घेत नाही. तंत्रज्ञाकडे हे हत्यार आहे का हे आधीच विचारावं.

किनाऱ्यावर हे सगळं दुप्पट महत्त्वाचं होतं. खाऱ्या हवेतलं मीठ धातूवर बसतं, दमटपणा ओढतं, आणि ॲल्युमिनियमची जाळी व पितळी पिन यांच्यामध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम झिजू लागतं. खाडीकाठच्या छपरावरची जुनी पिन उघडली तर आत जाळीच्या जागी पांढरी भुकटी सापडते आणि तांब्यावर हिरवा कळंक चढलेला असतो. चित्र त्याआधी कितीतरी दिवस अधूनमधून दगा देत असतं. म्हणून बाहेरच्या प्रत्येक जोडात सिलिकॉनचं ग्रीस थोडं भरावं, पिन घट्ट करावी आणि वरून स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, खालून वर, म्हणजे थरांवरून पाणी ओघळून जातं. विजेच्या कामाची साधी काळी टेप उन्हात सुटते आणि तिच्याखाली साचलेलं पाणी बाहेर पडत नाही. ती लावण्यापेक्षा न लावलेली बरी. घराबाहेर केबल काळ्या आवरणाचीच हवी. पांढरं आवरण उन्हाने तडकतं.

पाणी केबलच्या बाहेरून वाहत येतं आणि जिथे केबल घरात शिरते तिथे आत उतरतं. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली लोंबणारा बाक द्यावा, म्हणजे पागोळी तिथेच टपकते. चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडताना बाहेरच्या बाजूने किंचित खाली उतार ठेवावा. एलएनबीपाशीही असाच बाक हवा.

अंगणावरून दुसऱ्या इमारतीत केबल हवेतून न्यायची असेल तर आधाराची पोलादी तार जोडलेली केबल घ्यावी; नुसत्या आरजी-६ वर झावळी पडली की ती ताणून आतून तुटते, आणि वानर तिच्यावर लोंबकळले तर पिनेतून उपसून येते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा झाडांबरोबर हवेतल्या तारा आधी गेल्या. जमिनीखालून पाइपातून नेणं बरं, मात्र पाइपाला उतार हवा आणि केबल आत जेल भरलेली हवी, कारण कोकणातला पुरलेला पाइप पावसाळ्यात पाण्याने भरलेलाच असतो.

ॲम्प्लिफायर कधी

सिग्नल कमी पडला की दुकानदार ॲम्प्लिफायर काढून देतो. तो उपयोगी आहे, पण लावायची जागा चुकली तर पैसे गेले. ॲम्प्लिफायर सिग्नलबरोबर त्यात मिसळलेली खरखरही वाढवतो. लांबच्या खोलीत, टीव्हीमागे, आधीच खरखरीत बुडालेल्या सिग्नलला वाढवून काही मिळत नाही. तो केबल घरात आल्याबरोबर, स्प्लिटरच्या आधी लावायचा, सिग्नल अजून धडधाकट असताना. वाढ गरजेपुरती, हिशेबात जेवढे डेसिबल कमी पडले तेवढीच. फार वाढवलं की बॉक्सच्या तोंडाशी सिग्नल तुंबतो आणि चॅनेल एकमेकांत मिसळून पुन्हा चौकोनच पडतात. हिशेबात तूट नसेल तर ॲम्प्लिफायर नकोच; आधी पिना तपासाव्यात.

अर्थिंग आणि वीज

केबलला हात लावल्यावर मुंग्या येतात अशी तक्रार बऱ्याच घरांत असते. दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या बॉक्सच्या वीजपुरवठ्यातून अगदी थोडा प्रवाह केबलच्या जाळीवर झिरपत असतो. चार बॉक्स एकाच जाळीला जोडले की तो चौपट होतो. केबल घरात शिरते तिथे धातूचा ग्राउंड ब्लॉक बसवून तो घराच्या अर्थिंगला जाड तांब्याच्या तारेने जोडला की हा त्रास जातो. झटका जोराचा असेल तर वेगळी गोष्ट आहे. मग टीव्हीला किंवा केबलला हात न लावता मेन बंद करून वायरमनला बोलवावं. कातळावरच्या घरांत अर्थिंगच कच्ची असते, कारण जांभा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि प्रवाहाला जमिनीत वाट मिळत नाही. कोळसा-मिठाचा खड्डा करून त्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावं लागतं.

मे महिन्याच्या अखेरीचे वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, या दोन वेळी विजा जास्त. आकाशात गडगडाट जवळ येण्याआधी बॉक्सचा प्लग आणि केबलची पिन दोन्ही काढून ठेवाव्यात. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण वीज केबलच्या जाळीवरूनही येते. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हातच लावू नये.

बिघाड कुठे आहे

सगळे टीव्ही एकदम गेले तर दोष स्प्लिटरच्या आधी, एकच गेला तर स्प्लिटरनंतर. जो चालतोय त्याचं तोंड आणि जो बंद आहे त्याचं तोंड स्प्लिटरवर अदलाबदल करून पाहावं. बिघाड तोंडाबरोबर सरकला तर स्प्लिटर खराब, जागेवर राहिला तर केबल किंवा बॉक्स. बॉक्सच्या मेनूत स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी असे दोन आकडे दिसतात. स्ट्रेंग्थ कमी असेल तर हिशेबातली तूट किंवा तुटलेला जोड. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी कमी असेल तर छत्री हललेली, जोडात पाणी, किंवा ॲम्प्लिफायर जास्त उघडलेला. छत्रीवर निम्मे चॅनेल दिसतात आणि निम्मे नाहीत, तर १८ व्होल्ट वर पोचत नसल्याचा संशय धरावा: लांब पोलादी केबल किंवा गंजलेली पिन.

पावसातला बिघाड ओळखण्याची खूण वेळेत आहे. मुसळधार सर आली, सगळे टीव्ही गेले आणि सर ओसरल्यावर काही मिनिटांत आपोआप आले, तर दोष कोणाचाच नाही. इतक्या उच्च फ्रिक्वेन्सीच्या लहरी जाड पावसात विरतात आणि त्याला केबल बदलून उपाय नाही. पण पाऊस थांबून तास उलटले तरी चित्र नाही, आणि दुपारी ऊन पडल्यावर ते परत आलं, तर एखाद्या जोडात पाणी शिरलेलं आहे. अशा वेळी छपरावर शिडी लावण्याआधी बॉक्सच्या मागची पिन काढून पाहावी. ती आतून ओली असेल किंवा तार हिरवी पडली असेल तर पाणी जाळीतून झिरपत वरून इथवर उतरलं आहे. मग नुसती पिन बदलून उपयोग नाही, ती केबल पूर्ण काढून नवी ओढावी लागते.